यक्षगान नाय, दशावतार : एका फॅन आर्टच्या टॅगांचं पूर्ण प्रकरण

प्रकरण एका चित्राचं आहे. वेंगुर्ल्याकडची एक मुलगी, बीकॉम करते, चित्रकलेचं शिक्षण वगैरे काही नाही पण हात असा की बघत बसावं, तिने वन पीस या जपानी चित्रकथेतली समुद्री चाच्यांची मंडळी दशावतारात, म्हणजे आपल्या जत्रेतल्या नाटकात, उभी केली आणि आमच्या फॅन आर्ट कम्युनिटीत, म्हणजे चाहत्यांनी काढलेली चित्रं जिथे ठेवतात तिथे, टाकली. चित्र भारी होतं यावर कोणाचंच दुमत नव्हतं. भांडण झालं ते टॅगवरून, म्हणजे चित्र शोधता यावं म्हणून त्याला जे शब्द जोडतात त्यावरून, आणि ते इतकं वाढलं की शेवटी टॅग लॉक करून ठेवावे लागले. मी तिथे टॅग तपासणाऱ्या मंडळींपैकी एक, सावंतवाडीचा, त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं समोर झालं. तिच्या परवानगीने लिहून ठेवतोय, कारण आपल्याकडची पोरं आता भरपूर फॅन आर्ट काढतायत आणि टॅग टाकायची वेळ आली की सगळ्यांचं घोडं याच चार-पाच ठिकाणी अडतं.

चित्रात काय होतं

हे नीट सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा वाद "चित्रात दिसतंय काय" यावरच आहे.

रात्रीची जत्रा. देवळासमोरची मोकळी जागा, वर ट्यूबलाइट, मागे रंगवलेला पडदा, आणि मधोमध एक लाकडी बाकडं, दशावतारात सिंहासन म्हणा, पलंग म्हणा, रथ म्हणा, सगळं त्या बाकड्यावरच चालतं. बाकड्यापुढे वन पीसचा नायक लूफी, काळा अंगरखा घालून संकासुर, म्हणजे दशावतारातला असुर, झालेला, पण गवताची टोपी पाठीवर लटकतेय. बाजूला झोरो राजाच्या वेशात, मुकुट, भुजाला बाजूबंद, आणि तलवारी मात्र तीन. बाकड्यावर नऊवारीत बसलेला सांजी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, भुवई तीच गोल फिरलेली. पायपेटीवर ब्रूक, म्हणजे तो सांगाडा, ज्याच्या हातात एरवी व्हायोलिन असतं. पखवाज आणि झांजवाले गावातलेच कोणीतरी. प्रेक्षकात चॉपर, हातात मालवणी खाज्याचा पुडा. लांब मागे काळोखात समुद्र, वाळूत ओढून ठेवलेल्या दोन होड्या, त्यातल्या एकीच्या नाळेवर मेंढ्याचं तोंड रंगवलेलं, आणि पाण्यात एका किल्ल्याची तटबंदी.

आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट, ती बऱ्याच जणांनी बघितलीच नाही. तिच्यात रंगपट, म्हणजे नट तयार होतात ती जागा, आहे, उघडा पेटारा, आरसा, आणि सांजी आखूड केसांत बनियनवर बसून चेहऱ्याला रंग लावतोय, अंबाड्याचा टोप बाजूला ठेवलेला. ही चौकट लक्षात ठेवा.

तिने टाकलेले टॅग असे होते: वन पीस, लूफी/झोरो/सांजी/ब्रूक (हे सगळं एकच टॅग म्हणून), अ‍ॅनिमे, दशावतार, कोकण, मालवण, गोवा, हॉरर, क्यूट, ट्रेंडिंग, माझं चित्र. त्यावर दोनेक दिवसांत बाकीच्यांनी चढवले ते यक्षगान (कर्नाटकातलं लोकनाट्य), काबुकी (जपानचं पारंपरिक नाटक), मुरुड जंजिरा, जेंडरबेंड, गोइंग मेरी. आमच्याकडे दुसऱ्यांनाही टॅग जोडता येतात, जपानच्या पिक्सिव्ह या चित्रांच्या साइटवरही ही सोय बऱ्याच वर्षांपासून आहे, मात्र तिकडे एका चित्राला १० टॅगच लागतात, आमच्याकडे अशी मर्यादा नाही आणि म्हणूनच लोक हात सैल सोडतात.

तिचा पहिला मेसेज आला तो असा: "दादा, ह्या यक्षगान कोणी टाकल्यान? आणि लोक माका शिव्या कित्याक घालतत?"

शिव्या का पडल्या

शिव्यांचं कारण यक्षगान नव्हतंच, ते होतं त्या तिरप्या रेघेत. फॅन लोकांत दोन नावांमध्ये तिरपी रेघ म्हणजे त्या दोघांची प्रेमाची जोडी. ही पद्धत १९७० च्या दशकातल्या स्टार ट्रेक मालिकेच्या फॅनझिनांपासून, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या मासिकांपासून, चालत आलीये, कर्क आणि स्पॉक यांच्या जोडीपासून, आणि आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर, जिथे फॅनफिक्शनचा, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींचा, एवढा मोठा साठा आहे, तिथे तर नियमच आहे की रेघ म्हणजे प्रेम किंवा शरीरसंबंध आणि '&' हे चिन्ह म्हणजे मैत्री, नातं, सोबत. तिला हे कुठून माहीत असणार. ती म्हणाली, "माका कायच कळाक नाय, मी नावां सुटी करूक रेघ टाकलंय." आपण अर्जावर, पावतीवर कुठेही तसंच लिहितो की.

पण परिणाम बघा काय झाला. लूफी आणि झोरोची जोडी आवडणारे लोक त्या टॅगवरून आले, त्यांना जोडीचं काहीच दिसलं नाही, ते चिडले. आणि ज्यांना जोड्या नको असतात, ज्यांनी ते टॅग ब्लॉक करून ठेवलेत, त्यांना हे चित्र दिसलंच नाही, आणि नेमके तेच लोक असं साधं, मजेचं, सगळी गँग एकत्र असलेलं चित्र शोधत असतात. म्हणजे एका चुकीच्या टॅगने नको ते आले आणि हवे ते आलेच नाहीत. दुसरं नुकसान कोणाला दिसत नाही, कारण जो आलाच नाही तो तक्रार कशी करणार, आणि माझ्या मते तेच जास्त मोठं.

इथे उपाय सोपा होता, चार नावांचे चार टॅग केले, आणि चॉपर राहिला होता तो जोडला. चॉपर चित्रात लहान आहे म्हणून तिने सोडला होता, पण तो ओळखू येतो, पुढे तोंड करून बसलाय, मग टॅग हवाच. ज्याला चॉपरची चित्रं हवीत त्याला खाजं खाणारा चॉपर मिळायला नको?

क्यूट, ट्रेंडिंग, माझं चित्र हे तीन लगेच काढले. क्यूट हे बघणाऱ्याने ठरवायचं. ट्रेंडिंग ही चित्राची माहितीच नाही. 'माझं चित्र' ऐवजी चित्रकाराच्या नावाचा टॅग असतो, तो लावला. हॉररही काढला, रात्र आणि काळा अंगरखा एवढ्यावर हॉरर होत नाही, संकासुर आला की जत्रेतली पोरं हसतात. अ‍ॅनिमे वर मात्र थोडं बोलणं झालं, कारण वन पीस मूळचं मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९९७ पासून चालू आहे, अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, नंतर आलं आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये खऱ्या माणसांना घेऊन केलेली मालिकाही आली, तिच्या चित्रांना आमच्याकडे वेगळा टॅग आहे. तिची मंडळी सरळ सरळ मांगा-अ‍ॅनिमेच्या चेहऱ्यांची आहेत, त्यामुळे नुसतं 'वन पीस' पुरतं, नटांचा वेगळा टॅग नको.

गोवा का टाकला विचारलं तर म्हणाली मैत्रिणीने सांगितलं की गोवा टाकलं की रीच वाढते. दशावतार गोव्यातही होतो हे खरं आहे, पेडण्याकडे तर चांगलाच होतो, पण या चित्रातलं काहीही गोव्यातलं नाही. काढला. ती जरा नाराज झाली. मी तिला म्हटलं, अगो, गोवा शोधणाऱ्याला बीच हवा असतो, तो तुझं चित्र बघून पुढे सरकणार, तुला काय मिळालं?

दशावतार म्हणजे नक्की कुठला

आता खरी अडचण. 'दशावतार' हा टॅग आमच्याकडे आधीपासून होता आणि त्याखाली जे काही होतं ते बघून मी कपाळाला हात लावला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह अशी विष्णूच्या दहा अवतारांची चित्रं. सावंतवाडीच्या गंजिफांवरून काढलेली गोल पत्त्यांची चित्रं, दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात १२, असे १२० पत्ते, त्यामुळे लोकांनी तिथेही तोच टॅग मारलेला. २०२५ मध्ये त्याच नावाचा मराठी सिनेमा आला, त्याची फॅन आर्ट, तीही तिथेच. आणि या सगळ्यात आपल्या जत्रेतल्या नाटकाची चित्रं इनमीन मूठभर, शोधून सापडायची नाहीत अशी.

चारही गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे हे कबूल. पण शोधणारा माणूस वेगळा आहे ना. ज्याला नरसिंहाचं चित्र हवंय त्याला ट्यूबलाइटखालचं बाकडं नकोय, आणि ज्याला दशावतारी नटाचा मुकुट कसा काढायचा हे बघायचंय त्याला गंजिफा बघून काही कळणार नाही. डॅनबूरूवर, म्हणजे २००५ पासून चालत आलेली ती टॅगवाली मोठी साइट, तिथे असं झालं की नावापुढे कंसात कुठलं ते लिहितात आणि मूळ नाव मोकळं ठेवतात, म्हणजे कोणी नुसतं नाव टाकलं तर साइट विचारते की बाबा यातलं कुठलं. आम्ही तेच केलं. दशावतार (नाट्य), दशावतार (विष्णू), दशावतार (सिनेमा), आणि गंजिफा स्वतंत्र. जुनी चित्रं एकेक उघडून नवीन टॅगखाली हलवावी लागली, त्याला शॉर्टकट नाही, यंत्राला सांगून होत नाही ते.

यंत्राचं इथेच सांगतो. 'काबुकी' हा टॅग कुठल्या माणसाने टाकलेला नव्हता, चित्र चढवताना जी आपोआप सुचवणी येते तिच्यातून आला आणि कोणीतरी 'हो' दाबलं. ही सुचवणारी प्रोग्राम्स आधी माणसांनी टॅग केलेल्या लाखो चित्रांवर शिकवलेली असतात, नवीन चित्र दिलं की यादीतल्या प्रत्येक टॅगला किती शक्यता आहे तेवढा आकडा काढतात आणि ठरावीक आकड्याच्या वर गेलेले टॅग पुढे करतात. यादीत जे नाहीच ते सुचणार कुठून? रंगवलेला चेहरा, भरजरी वेश, रंगमंच, जपानी कॅरॅक्टर, झालं, काबुकी. दशावतार त्याला माहीतच नाही, आणि माहीत होणार तरी कधी, जोपर्यंत आपण बरोबर टॅग केलेली पुरेशी चित्रं समोर ठेवत नाही तोपर्यंत नाहीच. आज कोणी आळसाने काबुकीला 'हो' म्हटलं की उद्याच्या यंत्राच्या शिकवणीत आपली जत्रा जपानमध्ये जाऊन बसते. मला याचं खरंच वाईट वाटतं.

यक्षगान मात्र माणसाने टाकलं होतं, मंगळूरकडचा एक मेंबर, चांगला मनुष्य, त्याला खरंच तसं वाटलं. त्याच्याशी बोलायला मजा आली कारण त्याला त्याच्याकडचं बारीक माहीत होतं. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे गाणारा कोण? म्हणाला भागवत. वाद्यं? चंडे आणि मद्दळे. मग म्हटलं चित्रात बघ, चंडे कुठेय? पखवाज आहे, झांज आहे, आणि पायपेटी, ती पायाने भाता मारायची पेटी, एवढी मोठी ब्रूकच्या पुढ्यात ठेवलीये. मग त्याने स्वतःच सांगितलं की मुकुटही आमच्यासारखा नाही, आमचा केवढातरी मोठा आणि पायात घुंगरं बांधलेली, आणि टॅग त्यानेच काढला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की किनारपट्टीवरचं रात्रभर चालणारं पुराणातलं नाटक म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर तेच येतं. बरोबरच आहे. ज्याला जे माहीत तेच तो टाकणार. आपण आधी टाकलं नाही की दुसरा त्याच्या माहितीतलं टाकतो, आणि मग तेच चिकटतं.

यातून एक चांगलं झालं, दशावतार (नाट्य) ची व्याख्या लिहिताना आम्ही दिसणाऱ्या खुणांवरच भर दिला. कुठल्या शतकात सुरू झालं, कोणी आणलं, हे सगळं बाजूला ठेवलं. टॅगच्या व्याख्येत इतिहास वाचून चित्र ओळखता येत नाही. बाकडं, पायपेटी, पखवाज, पेटारा, मुकुटाची ठेवण, आणि आडदशावतारातली, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातली, पात्रं म्हणजे गणपती, मोरावरची सरस्वती, संकासुर वगैरे.

सांजीचा प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि जायलाच हवा होता.

कोणीतरी जेंडरबेंड टाकला होता. या टॅगचा अर्थ ठरलेला आहे, मूळ पुरुष पात्र बाई म्हणून काढलंय किंवा उलट, म्हणजे त्या चित्राच्या जगात तो बाईच आहे. क्रॉसड्रेसिंग वेगळं, तिथे पात्र आहे तेच राहतं, कपडे दुसरे. मुख्य चित्र बघून कोणालाही वाटेल की सांजीची बाई केलीये, इतकी ती नऊवारी आणि तो वळेसर झकास काढलाय. पण दशावतारात बाईची भूमिका पुरुष नट करतो, स्त्रीपार्टी म्हणतात, आणि तिने नेमकं तेच काढलंय, त्यासाठीच ती कोपऱ्यातली चौकट, बनियन, आखूड केस, बाजूला काढून ठेवलेला टोप. चौकट बघितली की प्रश्नच उरत नाही.

तरी काही जण मानेनात, म्हणाले मुख्य चित्रात तर बाईच दिसते, आणि नियम आहे की जे दिसतं ते टॅग करा. नियम बरोबर आहे. पण जे दिसतं म्हणजे पूर्ण चित्रात जे दिसतं ते, चौकट चित्राबाहेर नाहीये ना. तिने तर एका जुन्या दशावतारी काकांना, ज्यांनी पूर्वी स्वतः स्त्रीपार्ट केलेत, मोबाइलवर चित्र दाखवलं, चौकट झाकून. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ती बाय नाय गो, तो नट आसा. बाकड्यार बसताना पदर कसो सावरल्यान तां बघ." असं ओळखणारं माणूस कम्युनिटीत एकही नाही, त्यामुळे आम्ही तो पुरावा धरला नाही, चौकटीवरच निर्णय केला, पण मला सांगायला आवडलं.

जेंडरबेंड गेला. मग क्रॉसड्रेसिंग ठेवायचा का? इथे ती अडून बसली. त्या टॅगखाली बरीचशी चित्रं चावट असतात, हे खरंय. तिचं म्हणणं, "माझां चित्र त्या रांगेत कित्याक? आमच्याकडे लोक त्या नटाच्या पाया पडतत." हे मला पूर्ण पटतं, रंग लावून झाला की त्या माणसाकडे बघायची नजरच बदलते गावात, आणि त्याला असल्या रांगेत बसवणं तिला लागलं यात काही चूक नाही.

पण मी टॅग ठेवायच्या बाजूने होतो आणि आजही आहे. टॅगची व्याख्या साधी आहे, दुसऱ्या लिंगाचे कपडे घातलेलं पात्र, आणि ते चित्रात आहे. टॅग हा मान किंवा अपमान नसतो. शेजारी कुठली चित्रं बसतात त्यावरून टॅग काढायला लागलो तर चांगली चित्रं एकेक करून निघून जातील आणि तिथे फक्त चावटच उरतील. चावटपणा वेगळा करायला रेटिंग आहे, तिच्या चित्राला सगळ्यांसाठी असंच रेटिंग आहे, ज्याने फिल्टर लावलाय त्याला ती दुसरी रांग दिसतच नाही. आणि दुसऱ्या बाजूने, कोणी क्रॉसड्रेसिंग ब्लॉक केलं असेल तर त्याला हे दिसणार नाही, हे नुकसान मान्य करावं लागतं.

तिचा मुद्दा मात्र वाया गेला नाही. काबुकीतही पुरुषच बायकांच्या भूमिका करतात, ओन्नागाता म्हणतात त्यांना, आणि ते रंगभूमीचं रीतसर अंग म्हणून ओळखलं जातं. मग आपल्याकडच्या नटाला तसं नाव का नको? स्त्रीपार्टी असा स्वतंत्र टॅग केला, रंगभूमीच्या गटात. आता ज्याला त्या नटांची चित्रं बघायचीत तो थेट तिथे जातो. तिने क्रॉसड्रेसिंगला शेवटी हो म्हटलं, मनापासून म्हटलं असं मी म्हणणार नाही.

संकासुराचं पण एक होतं. लूफी संकासुर झालाय, म्हणून नुसता 'संकासुर' टाकायचा का? डॅनबूरूची रीत अशी की एका पात्राने दुसऱ्याचा वेश घेतला तर पहिल्याचा टॅग आणि दुसऱ्याच्या नावापुढे कंसात कॉस्प्ले. म्हणजे लूफी, आणि संकासुर (कॉस्प्ले). नाटकातल्या भूमिकेला कॉस्प्ले म्हणणं कानाला बरं लागत नाही, पण शोधताना उपयोगी पडतं, खुद्द संकासुर शोधणाऱ्याला गवताची टोपीवाला लूफी नको असतो. आम्ही कॉस्प्लेऐवजी 'भूमिका' शब्द घेतला, रीत तीच ठेवली.

किल्ला आणि होडी

मुरुड जंजिरा टाकणाऱ्याने फार विचार केला नसावा, पाण्यातला किल्ला म्हणजे जंजिरा असं खूप जणांच्या डोक्यात असतं. पण तिने चित्राखाली लिहिलं होतं की तटबंदी मालवणच्या धक्क्यावरून बघून काढली. म्हणजे सिंधुदुर्ग. कुरटे बेटावरचा, ज्याचं काम शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू केलं, नागमोडी तटबंदीचा. जंजिरा तिथून कितीतरी उत्तरेला, रायगड जिल्ह्यात, सिद्दींचा, महाराजांना तो शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि मालवणच्या माणसाला या दोन किल्ल्यांची अदलाबदल केलेली चालेल? २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले त्यात सिंधुदुर्ग आहे, जंजिरा नाही, तेव्हापासून या टॅगांवर शोधणारेही वाढलेत, निदान आमच्याकडे तरी.

प्रश्न असा की चित्रात फक्त काळी तटबंदी आहे, नुसतं बघून सिंधुदुर्ग ओळखेल असं कोण आहे? जे दिसतं ते टॅग करा म्हटलं तर 'समुद्री किल्ला' एवढंच येतं. आम्ही दोन्ही ठेवले, समुद्री किल्ला दिसतो म्हणून, सिंधुदुर्ग चित्रकाराने स्वतः सांगितलं म्हणून. ठिकाणाचं नाव चित्रकाराच्या सांगण्यावरून घ्यायला हरकत नाही, चित्रात त्याच्या विरोधात काही दिसत नसेल तर. मालवण, कोकण, दोन्ही राहिले. मात्र मालवण शोधणाऱ्या बऱ्याच जणांना मालवणी जेवण हवं असतं, त्यांना इथे फक्त खाज्याचा पुडा मिळेल, आणि 'मालवणी खाजं' असा टॅग मी स्वतः जोडला, कारण पुडा उघडा आहे आणि ते गूळ लावलेले तुकडे स्पष्ट दिसतात.

होडीच्या नाळेवरचं मेंढ्याचं तोंड म्हणजे गोइंग मेरीची आठवण, लूफीच्या पहिल्या जहाजाला तसं तोंड होतं. पण ही गोइंग मेरी नव्हे, ही आपली वाळूत ओढलेली मासेमारीची होडी आहे. गोइंग मेरी टॅग काढला आणि 'संदर्भ' हा टॅग लावून खाली दोन ओळींत समजावलं. होडीचा टॅग लावला. कोणीतरी रापण सुचवलं, पण रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं, ते चित्रात नाहीच, होडी दिसली की रापण होत नाही.

पुढे काय झालं

टॅग बदलल्यावर शिव्या थांबल्या, त्या रेघेमुळे येणारी माणसं यायची बंद झाली ना. हळूहळू दुसरी माणसं यायला लागली, दशावतार (नाट्य) वरून आलेली, त्यातले काही मुंबईत, पुण्यात राहणारे आपलेच, ज्यांना वन पीसचं ओ की ठो माहीत नाही, त्यांनी विचारलं हा सांगाडा कोण आणि पायपेटी इतकी बरोबर कशी काढली. तिला हे आवडलं. लाइक किती वाढले ते मी मोजलं नाही, ती म्हणते फार नाहीत.

आणि मग एक प्रस्ताव आला ज्यावर मला ठाम नाही म्हणावं लागलं. आमच्याकडे एक टॅग लावला की दुसरा आपोआप लागतो अशी सोय आहे, म्हणजे लूफी लावलं की वन पीस आपोआप. कोणीतरी म्हणालं संकासुर लावलं की दशावतार (नाट्य) आपोआप लागू दे. ऐकायला बरोबर वाटतं, सिंधुदुर्गातल्या माणसाला तर शंभर टक्के बरोबर वाटेल. पण वर चिपळूण-गुहागरकडे जा, शिमग्यात संकासुर घरोघर फिरतो, नमन-खेळ्यात, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, येतो, तिथे त्याच्याबरोबर गोमू हे नाचणारं स्त्रीपात्र असतं, दशावताराचा काही संबंध नाही. आपोआप लागणारा टॅग शंभरातल्या शंभर वेळा खरा असला पाहिजे, एका जिल्ह्यापुरता खरा असून चालत नाही. यक्षगानवाल्याने आपल्याला जे केलं तेच मग आपण रत्नागिरीवाल्यांना केलं असतं, आपल्या माहितीतलं त्यांच्यावर चिकटवून. प्रस्ताव नाकारला, आणि नंतर गुहागरच्या एका पोराने शिमग्यातल्या संकासुराचं फॅन आर्ट टाकलं तेव्हा ते संकासुर, शिमगा, नमन-खेळे या टॅगांखाली व्यवस्थित बसलं.

गोमूचा टॅग अजून झालेला नाही. तीही पुरुषच करतो, म्हणून काही जण म्हणतात स्त्रीपार्टीखाली घाला, मला ते बरोबर वाटत नाही कारण स्त्रीपार्टी हा दशावतारी कंपनीतल्या नटाचा शब्द आहे आणि गोमू नाचते ती गावच्या खेळ्यात. पण मी सावंतवाडीचा, मी ते ठरवू नये. रत्नागिरीकडच्या कोणी व्याख्या लिहून पाठवली आणि सोबत दोन-तीन चित्रं दिली, वेश आणि दागिने नीट दिसतील अशी, तर या महिन्यात तो टॅग चालू करता येईल.